मेलबर्न–सिडनी मोटारप्रवास : परतीचे ८८० किलोमीटर एका दिवसात करावेत का?

टिळकवाडीकर (बेळगाव) :

सर्वांना नमस्कार. मी बेळगावात टिळकवाडीत राहतो. चार वर्षांपूर्वी शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालो. मुलगा आणि सून मेलबर्नला नोकरी करतात व नात साडेतीन वर्षांची आहे. मार्चअखेर आम्ही उभयता दोन महिन्यांसाठी त्यांच्याकडे जाणार आहोत, आणि एप्रिलमधल्या ईस्टरच्या सुट्टीला रजेचे काही दिवस जोडून पाचही जणांनी मोटारीने सिडनीला जाऊन यावे, असा मुलाचा बेत आहे.

जाताना समुद्राकाठच्या प्रिन्सेस हायवेने दोन मुक्काम करीत तिसऱ्या दिवशी सिडनीला पोहोचायचे, तेथे चार रात्री राहायचे आणि येताना आतल्या ह्यूम हायवेने एकाच दिवसात घर गाठायचे, अशी आखणी त्याने केली आहे. जाण्याच्या वाटेचा तक्ता त्याने गावागावांसह पाठविला, परंतु परतीच्या रकान्यात एकच ओळ आहे : ‘सिडनी ते मेलबर्न, ८८० कि.मी., ९ तास.’ ही एकच ओळ माझ्या मनातून जात नाही.

त्याचे कारण सांगतो. गेल्या डिसेंबरात पुण्याच्या लग्नाहून मी स्वतः गाडी चालवीत परत येत होतो. अंतर जेमतेम साडेतीनशे किलोमीटर. कोगनोळीचा टोलनाका गेला, निपाणी मागे पडली, आता घर आलेच या समजुतीने चहालासुद्धा न थांबता तवंदी घाट चढू लागलो, आणि एका वळणावर उसाने भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली मला इतक्या उशिरा दिसली की ब्रेक दाबल्यावर हिच्या मांडीवरचा आहेराच्या साड्यांचा गठ्ठा पुढच्या काचेवर जाऊन आपटला. जाताना याच रस्त्यावर मी तीन वेळा थांबलो होतो. दोष मी ट्रॉलीवाल्याला दिला खरा, पण त्यातला किती माझा होता हे मला ठाऊक आहे.

ऑस्ट्रेलियात उसाच्या ट्रॉल्या आडव्या येणार नाहीत, हे मुलाचे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. ज्यांनी हा रस्ता कुटुंबासह केला आहे त्यांनी कृपया सांगावे की परतीचा प्रवास एका दिवसात करण्याजोगा आहे काय, नसल्यास मुक्काम कोठे करावा, आणि कर्नाटकाच्या परवान्यावर मला मुलाच्या हातची गाडी थोडा वेळ घेता येईल काय.


मूळचा निपाणीकर (सध्या मेलबर्न) :

सर, नमस्कार. आमचे घर निपाणीत, तंबाखूच्या वखारींच्या मागच्या गल्लीत. पण गेली अकरा वर्षे मी मेलबर्नच्या पश्चिम उपनगरात राहतो. हा प्रवास मी सात वेळा केला आहे. त्यातली परतीची एक खेप एका दिवसात केली आणि तशी पुन्हा करणार नाही.

तुमच्या मुलाचा हिशेब खोटा नाही. २०१३ मध्ये होलब्रुक गावाचा वळणरस्ता झाला तेव्हापासून ह्यूम हायवे मेलबर्नपासून सिडनीपर्यंत सलग दुभाजकाचा आहे, बहुतेक ठिकाणी ताशी ११० ची मर्यादा आहे आणि वाटेतली गावे बाहेरच्या बाहेर राहतात. मात्र ते नऊ तास केवळ चाके फिरण्याचे आहेत. प्रत्येक दोन तासांनी पंधरा मिनिटे थांबावे असे तिकडच्या रस्ता-सुरक्षेच्या पाट्या जागोजागी सांगतात. त्यात जेवण, पेट्रोल आणि नातीचे थांबे मिळवा, शिवाय सिडनी शहरातून बाहेर पडण्यातच तासभर जातो तो निराळा. सकाळी सातला निघालात तरी घरी पोहोचायला संध्याकाळचे सात होतात. एप्रिलच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे घेतात आणि सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे शेवटचा टप्पा, जो चालकाच्या थकव्याचा असतो, तोच नेमका काळोखाचा आणि कांगारू बाहेर पडण्याचा होतो. खानापूर–अनमोड रस्त्यावर संध्याकाळी गवा आडवा येईल म्हणून आपण जसे डोळ्यांत तेल घालून बसतो, तसेच तिथे पहाटे आणि तिन्हीसांजेला बसावे लागते. कांगारू समोर आलाच तर स्टिअरिंग न वळविता सरळ रेषेत ब्रेक दाबावा. वळविल्यामुळे गाडी झाडावर जाऊन होणारे अपघात अधिक वाईट असतात.

आणखी एक गोष्ट नकाशावरून लक्षात येत नाही. सिडनीहून मेलबर्नला येताना रस्ता नैऋत्येकडे जातो, त्यामुळे दुपारनंतरचे ऊन तासन्‌तास चालकाच्या उजव्या अंगाने आत येते. काचेवरची झापड बाजूला वळविली तरी ते तिच्याखालून डोळ्यांत शिरते. मी एका दिवसात परतलो त्या वेळी माझा उजवा कान आणि गाल भाजल्यासारखा लाल झाला होता. वांगराट्टा मागे टाकले, घर आता सव्वादोनशे किलोमीटर राहिले म्हणून मन सैल झाले, मागे बायको आणि आई-बाबा झोपलेले. पुढे काय झाले ते मला आठवत नाही. आठवतो तो एकदम उठलेला घर्रर्र आवाज. गाडीची डावी चाके कडेच्या उंचवट्याच्या पांढऱ्या पट्टीवर गेली होती. ती पट्टी त्याचसाठी असते. बाबांनी मागून फक्त ‘काय रे?’ एवढेच विचारले आणि मी ‘काही नाही’ म्हणालो. पुढच्या थांब्यावर गाडी लावून मी चाळीस मिनिटे झोपलो आणि त्यांना खरे कारण आजवर सांगितलेले नाही.

परतीच्या अगदी शेवटी दंडही टपून बसलेला असतो. ब्रॉडफर्डपासून मेलबर्नच्या वेशीपर्यंत कॅमेऱ्यांची साखळी आहे आणि ती क्षणाचा नव्हे तर दोन कॅमेऱ्यांमधल्या अंतराचा सरासरी वेग मोजते, त्यामुळे कॅमेरा दिसल्यावर ब्रेक लावण्याची आपली हुशारी तिथे चालत नाही. घराच्या ओढीने पाय जड होतो तो नेमका याच पट्ट्यात.

टोलबद्दलही थोडे सांगतो. ह्यूम हायवेवर गावांमधल्या लांब पट्ट्यात टोल नाही; टोल आहेत ते दोन्ही शहरांच्या आत, आणि तिथे नाका नसतो की माणूस नसतो, वर फक्त कॅमेरे असतात. मुलाच्या गाडीत आपल्या फास्टॅगसारखा टॅग असेलच. मी एकदा भाड्याच्या गाडीने गेलो असताना टॅगची चौकशी न करता सिडनीतले दोन बोगदे पार केले, आणि गाडी देणाऱ्या कंपनीने टोलपेक्षा मोठी ‘कागदपत्रांची फी’ प्रत्येक वेळेसाठी वेगळी कापली. चूक माझी असली तरी ती रक्कम अजून सलते.

जाण्याच्या वाटेवर पहिला मुक्काम लेक्स एंट्रन्सला करा. ते मेलबर्नहून सुमारे ३२० किलोमीटरवर आहे. दुसरा मेरिम्ब्युला किंवा नरूमाला. ऑर्बोस्ट ते इडन हा भाग घनदाट जंगलाचा, बहुतेक एकेरी मार्गिकेचा आणि मोबाईलला रेंज न मिळणारा आहे. चोर्ला घाटातून गोव्याला उतरल्याची आठवण होईल, फक्त झाडे निलगिरीची. २०१९-२० च्या वणव्यांत हाच सारा पट्टा होरपळला होता. ऑर्बोस्टला टाकी भरून घ्या.


ऑटोनगरवाला (बेळगाव) :

सरांना रामराम. मी ट्रकांच्या धंद्यात तीस वर्षे आहे, स्वतः पंधरा वर्षे स्टिअरिंगवर बसलो आहे. २०२३ मध्ये मेहुण्याकडे सिडनीला गेलो होतो, तेव्हा तो मला याच रस्त्याने मेलबर्नला घेऊन गेला. देखावे बघायला घरचे होते. मी रस्त्यावरचे ट्रक बघत होतो.

सिडनी आणि मेलबर्नच्या साधारण मध्यावर टारकट्टा नावाचे लहानसे गाव आहे. दोन्ही शहरांतून रात्री निघालेले चालक वर्षानुवर्षे तिथे भेटत, ट्रकांची अदलाबदल करीत आणि प्रत्येक जण आपापल्या घराकडे परतत असे. वळणरस्ता झाल्यापासून हमरस्ता गावाबाहेरून जातो, पण रस्त्यावर प्राण गेलेल्या ट्रकचालकांचे स्मारक गावात आहे. भिंतीवर नावांच्या ओळी आहेत. मी मेहुण्याला गाडी आत घ्यायला लावली आणि ती भिंत बघितली. आपल्याकडे या रस्त्यावर गेलेल्यांची नावे लिहायची म्हटली तर भिंत कागलपासून हुबळीपर्यंत बांधावी लागेल, असे मनात आले.

त्यांचा नियम मी मुद्दाम विचारून घेतला. जड वाहनाच्या एकट्या चालकाला साध्या वेळापत्रकात चोवीस तासांत बारा तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, आणि सव्वापाच तास काम झाले की किमान पंधरा मिनिटे विश्रांती घ्यावीच लागते. सगळे वहीत लिहावे लागते. कायदा आपल्याकडेही आहे. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा २०२५ पर्यंत लागू होता, तो दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगत असे, पण तो किती पाळला गेला हे मी या धंद्यात राहून इथे लिहिणे बरे दिसणार नाही. सांगायचे एवढेच की ज्याचा तो पोटाचा धंदा आहे त्यालाही बारा तासांच्या वर हात लावू देत नाहीत, आणि तुमचा मुलगा चार दिवस सिडनीत पायी भटकून, रात्री सामान बांधून, सकाळी लवकर उठून बारा तासांचा दिवस काढणार आहे. आमच्या लाईनीत अशा चालकाच्या हातात गाडी देत नाहीत.

बाजाराहून परतताना बैल हाकावे लागत नाहीत, हे गावाकडच्या कोणालाही माहीत आहे. चालकाचेही तसेच होते. माझ्या गाड्यांचे अपघात मी मोजले तर भरलेली गाडी मुंबईला नेताना झालेले थोडे आणि रिकामी गाडी बेळगावला आणताना झालेले जास्त. रिकामी गाडी हलकी असते हे एक कारण झाले. दुसरे कारण बेळगाव जवळ आल्याचे सांगणाऱ्या काकती आणि यमकनमर्डीच्या पाट्या.


खानापूरची लेक (सध्या कॅनबेरा) :

सर, मी खानापूरची, लग्नानंतर कॅनबेरात आले. वरच्या दोघांनी चालकाची बाजू पुरती मांडली आहे; मी मागच्या सीटची मांडते, कारण तिथे तुमची नात, काकू आणि सूनबाई बसणार आहेत.

साडेतीन वर्षांच्या मुलीला तिथे मांडीवर घेता येत नाही. सात वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला मान्यताप्राप्त आसनातच बांधावे लागते, आणि ते आसन ऑस्ट्रेलियाच्या मानकाचेच असावे लागते. भारतातून नेलेले चालत नाही. मुलाच्या गाडीत ते असेलच, पण ते एक आसन आले की मागे उरलेल्या दोघांना जेमतेम जागा राहते आणि मधल्या सीटवर जो बसेल त्याचे गुडघे गिअरच्या खोक्याला लागतात. काकूंना गुडघ्यांचा त्रास असेल तर त्यांना पुढे बसवा आणि तुम्ही मागे बसा. बारा तास एका जागी पट्ट्यात बांधलेले मूल दुपारी तीनला जे रडायला लागते त्याला ना गोष्ट लागू पडते ना गाणे, आणि त्या रडण्याने चालक जितका थकतो तितका रस्त्याने थकत नाही.

खाण्याची व्यवस्था सोबत ठेवा. हायवेवरच्या पंपांवर बर्गर आणि तळलेले बटाटे मिळतात, लहान गावांतली हॉटेले रात्री आठ-साडेआठलाच स्वयंपाकघर बंद करतात. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा घेते. विश्रांतीच्या थांब्यांवर टेबले व स्वच्छतागृहे असतात आणि त्यांना पैसे पडत नाहीत. मुक्कामाला हॉटेलपेक्षा ‘कॅरावॅन पार्क’मधली केबिन बघा, कारण तिच्यात ओटा, फ्रिज आणि मुलांना धावायला मोकळी जागा असते, आणि मऊ भात करता येतो.

परवान्याचे उत्तर कोणी दिले नाही म्हणून देते. थोड्या दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला भारतातल्या चालू परवान्यावर गाडी चालविता येते, पण सोबत आंतरराष्ट्रीय परवाना असला की कोणाशी वाद राहत नाही. तो बेळगावच्या परिवहन कार्यालयात पासपोर्ट आणि मूळ परवाना दाखवून एक हजार रुपये शुल्कात मिळतो आणि एक वर्ष चालतो. माझ्या सासऱ्यांनी काढला होता. तिथेही वाहने डाव्या बाजूनेच चालतात, त्यामुळे तुम्हाला अवघड जाणार नाही. मात्र मुलाच्या गाडीच्या विम्यात तुमचे नाव घातल्याशिवाय चावी हातात घेऊ नका. न्यू साउथ वेल्समध्ये वरून फोटो घेणारे कॅमेरे चालकाच्या हातातला फोन आणि न लावलेला पट्टा दोन्ही पकडतात, आणि ईस्टरच्या दिवसांत परवान्यावरचे दंडाचे गुण दुप्पट होतात.

मुक्काम कोठे, यावर माझे मत पक्षपाती आहे. सिडनीहून कॅनबेरा २९० किलोमीटर. दुपारी पोहोचाल, संसद बघाल आणि संध्याकाळ तळ्याकाठी जाईल. सिडनी की मेलबर्न या भांडणात कोणाचेच मन मोडू नये म्हणून मध्ये नवे शहर वसविले, आणि १९२७ मध्ये संसद तिथे आणली. ज्या वॉल्टर बर्ली ग्रिफिन यांनी पत्नी मॅरियन महोनी यांच्यासह त्याचा आराखडा काढला, त्यांचा शेवट १९३७ मध्ये आपल्या लखनौला झाला आणि त्यांची कबरही तिथेच आहे. हे मी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगते आणि नवरा प्रत्येक वेळी घड्याळ बघतो. दुसऱ्या दिवशी मात्र ६६० किलोमीटर उरतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.


जुना रेल्वेवाला (बेळगाव) :

कॅनबेरा पाहण्यासारखे आहे यात शंका नाही. परंतु दुसऱ्या दिवशी ६६० किलोमीटर ठेवणे म्हणजे दुखणे एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालणे होय. सरांनी मुक्काम ऑल्बरीला करावा. सिडनीहून ते साधारण साडेपाचशे किलोमीटरवर आहे. चालक ताजा असताना मोठा टप्पा उरकतो आणि दुसऱ्या दिवशी सव्वातीनशे, म्हणजे सरांच्या पुणे-बेळगावाएवढेच अंतर राहते.

शिवाय सीमाभागातल्या माणसाने ते गाव पाहावे. मरे नदीच्या उत्तरेस न्यू साउथ वेल्सचे ऑल्बरी, दक्षिणेस व्हिक्टोरियाचे वोडोंगा, आणि मधून राज्यांची हद्द, आपल्या दूधगंगेसारखेच. फरक इतकाच की तिथे हद्द नदीच्या मध्यातून जात नाही, पाणी सगळे न्यू साउथ वेल्सचे आणि दक्षिणेकडच्या काठाच्या माथ्यापासून व्हिक्टोरिया सुरू. २०२० मध्ये करोनाच्या काळात ही हद्द बंद झाली तेव्हा एका तीरावर घर आणि दुसऱ्या तीरावर नोकरी असलेल्यांचे काय झाले असेल, ते कोगनोळीच्या नाक्यावर त्या वर्षी अडकलेल्यांना वेगळे सांगायला नको.

माझ्या ओढीचे कारण निराळे आहे. न्यू साउथ वेल्सची रेल्वे १४३५ मिलिमीटरच्या मापाची आणि व्हिक्टोरियाची १६०० च्या, त्यामुळे १९६२ पर्यंत सिडनी-मेलबर्नच्या प्रत्येक उतारूला ऑल्बरीला सामानासह उतरून समोरच्या गाडीत बसावे लागे. ज्यांनी मिरजेला ब्रॉडगेजची गाडी सोडून, वळकटी आणि ट्रंक हमालाच्या डोक्यावर देऊन, बेळगावची मीटरगेज गाठली आहे, त्यांना हा प्रकार हसू आणील. त्या अदलाबदलीसाठी बांधलेला ऑल्बरीचा साडेचारशे मीटरचा फलाट त्यांच्या देशातल्या सर्वांत लांब फलाटांपैकी एक म्हणून दाखवितात. आपल्या हुबळीचा १५०७ मीटर आहे, हे तिथे सांगू नये, उगाच मन दुखावते.


टिळकवाडीकर (बेळगाव) :

सर्वांचा आभारी आहे. हा सगळा मजकूर मुलाला पाठविला. त्याने प्रथम ‘बाबा, तुम्ही माझी तक्रार जगासमोर मांडलीत’ असे म्हटले, आणि दोन दिवसांनी सिडनीतली एक रात्र कमी करून ऑल्बरीत केबिन घेतल्याचे कळविले. सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्स डोंगरांचा बेत त्यापायी गेला, याचे सूनबाईंना वाईट वाटले असावे. त्यांनी तसे दाखविले नाही. कॅनबेराच्या ताईंनी रागावू नये.


टिळकवाडीकर (बेळगाव), दोन महिन्यांनंतर :

परत आलो. विचारणाऱ्यांना उत्तर देणे भाग आहे म्हणून परतीच्या प्रवासाचे तेवढे लिहितो.

सिडनीहून सकाळी पावणेसातला निघालो. गोलबर्नला सिमेंटचा पंधरा मीटर उंच मेंढा उभा आहे, त्याच्या पोटात दुकान आहे. नातीने त्याच्या पायाशी उभे राहून दशमी खाल्ली. पुढे एका थांब्यावर सुट्टीच्या दिवसांत स्वयंसेवक चालकांना फुकट चहा-कॉफी देतात तो तंबू लागला. सत्तरीच्या पुढची एक बाई किटलीतून पाणी ओतत होती. तिने मुलाला ‘किती वाजता निघालात?’ एवढेच विचारले, उत्तर ऐकून बिस्किटाचे दोन पुडे जास्त दिले आणि चहा संपेपर्यंत समोर उभी राहिली. चहा पाणचट होता, पण मुलगा तो बसून प्यायला, हे मी पाहिले.

गंडागाईजवळ शिदोरीच्या डब्यावर बसलेल्या कुत्र्याचा १९३२ सालचा पुतळा पाहिला. होलब्रुकला समुद्रापासून कित्येक मैल आत, हिरवळीवर खरी पाणबुडी ठेवलेली आहे. पहिल्या महायुद्धात गावाचे जर्मन वळणाचे नाव बदलून एका पाणबुडीच्या अधिकाऱ्याचे दिले, त्या नात्याने ती तिथे आली. नातीने पाणबुडीभोवती पूर्ण फेरी मारली आणि ‘आजोबा, पाणी कुठे सांडलं?’ असे विचारले. मला उत्तर सुचले नाही.

तेथून ऑल्बरीपर्यंतचे साठेक किलोमीटर मी चालविले. विम्यात नाव घातले होते, आंतरराष्ट्रीय परवाना खिशात होता, वेग शंभराच्या पुढे नेला नाही. उजव्या गालावर पडणारे ऊन कसे असते ते कळले. निपाणीकरांनी लिहिलेले तंतोतंत खरे आहे. साडेचारच्या सुमारास केबिनची किल्ली हातात आली. हिने मऊ भात आणि मेतकूट केले, मुलगा खुर्चीवर बसल्या बसल्या झोपला. संध्याकाळी नदीकाठी गेलो आणि रेल्वेवाल्यांच्या आग्रहाखातर फलाटही चालून पाहिला. हुबळीचे नाव काढले नाही.

सकाळी आठला पूल ओलांडून व्हिक्टोरियात शिरलो. पहिल्या तासाभरात रस्त्याच्या कडेला तीन मेलेले कांगारू आणि एक वोम्बॅट दिसले. रात्री कोणीतरी तो रस्ता केला होता. ब्रॉडफर्डपासून मुलाने वेगाचा काटा बांधून ठेवला आणि दुपारी पाऊणच्या सुमारास आम्ही घरी होतो. सूनबाईंनी कपडे धुवायला लावले, नात अंगणात खेळली, आणि मंगळवारी मुलगा वेळेवर कामावर गेला.

आता शेवटचे, जे विचारलेले नव्हते ते. परतताना आमचे विमान बेंगळूरुला रात्री साडेदहाला उतरले. भाचा गाडी घेऊन आला होता आणि रातोरात बेळगाव गाठायचे म्हणत होता. सव्वापाचशे किलोमीटर, पहाटे सहाला घरी, उद्या त्याचे दुकान उघडायचे. बेळगावहून एकटाच गाडी हाकीत तो त्याच दिवशी आला होता. मी मागे न बसता पुढे बसलो आणि तुमकूर यायच्या आत त्याला एका लॉजच्या आवारात गाडी वळवायला लावली. तो चिडला, खोली महाग आहे म्हणाला, आणि गादीला पाठ टेकताच घोरू लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी हिरेबागेवाडीचा नाका ओलांडताना त्याने विचारले, ‘मामा, चहाला थांबायचं का?’ घर अर्ध्या तासावर होते. थांबलो.